लाटा नसलेली जागा

समुद्रावर गेलं की प्रत्येकाला काहीतरी करायचं असतं. कुणाला डुंबायचं असतं, कुणाला घोडागाडीत बसायचं असतं, कुणाला वाळूत नाव लिहून त्याचा फोटो काढायचा असतो. मला चपला सांभाळायच्या होत्या. तसं कुणी मला सांगितलं नव्हतं. किनाऱ्यावर पोचल्या पोचल्या सगळ्यांनी पायांतलं काढलं, त्यावर मोबाइल, पाकिटं, टॉवेल ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. मी तिथेच बसले. खरं तर मला बरंच वाटलं. एवढ्या लोकांत साडी वर खोचून पाण्यात उड्या मारणं माझ्याने झालं नसतं.

आम्ही पाच जण गेलो होतो. मी, हे, आमची एकुलती एक मुलगी, जावई आणि आठ वर्षांची नात. मुलगी डोंबिवलीला दिली आहे. जावई नौपाड्यात एका चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत. माणूस मोकळा, हसरा, पण मी अजून त्यांच्याशी सरळ बोलत नाही. पंगतीत वाढताना मुलीकडे बघून म्हणते, "त्यांना विचार गं, भात घालू का." ते लगेच म्हणतात, "आई, मी इथेच बसलोय. दिसतोय ना?" मग सगळे हसतात आणि मी भात घालते.

आम्ही कोलशेतला राहतो, खाडीच्या बाजूला. हे तरुणपणी खाडीतली रेती काढायचे. होडीतून एक लांब वासा तळापर्यंत रोवायचा, त्याला धरून खाली उतरायचं, हाताने बादली भरायची आणि वर यायचं. एक माणूस खाली, एक होडीवर. खाली डोळे उघडून उपयोग नसतो, सगळा गाळच. वर आल्यावरही डोळ्यांत माती, कानांत पाणी, आणि ओढीने माणूस होडीपासून लांब गेलेला असतो. म्हणून होडीवरचा माणूस घमेल्यावर दगडाने ठोके मारत राहायचा. ठोका येईल त्या दिशेने पोहायचं, एवढंच खालच्याने करायचं. डोकं चालवायचं नाही. लग्नानंतर मी भाकरी घेऊन काठावर जायचे तेव्हा ते ठोके लांबूनच ऐकू यायचे. ठोके चालू आहेत म्हणजे कुणीतरी अजून पाण्यात आहे, हे मला कळायचं आणि मी पाय उचलायचे.

त्या कामाने ह्यांचा उजवा कान पूर्ण गेला आणि डाव्यानेही कमी ऐकू येतं. हळू बोललेलं कळत नाही, पण भांडं पडलं तर दचकतात. ते काम बंद पडून खूप वर्षं झाली. आता खाडीकाठी उंच इमारती झाल्यात, त्यातल्या एकीच्या गेटवर हे वॉचमन आहेत. पण पाण्याचा विषय निघाला की अजून ताठ बसतात.

समुद्रावर जाताना गाडीत तेच झालं. जावयांनी पुढच्या सीटवरून मागे वळून मोठ्याने विचारलं, "बाबा, पोहता येतं ना अजून?"

"तुम्ही जमिनीवर जेवढे चाललात ना, तेवढा मी पाण्याखाली राहिलोय."

"मग लाइफ जॅकेटचा खर्च वाचला! आणि आईंचं काय?"

"तिचं काय, ती बादलीतल्या पाण्यालापण लाजते."

सगळे हसले. मीही हसले. नात ह्यांच्या मांडीवर बसून म्हणाली, "आजोबा, मला शिकवाल?" हे म्हणाले, "तुला मासोळी करून परत पाठवतो."

ती मासोळीची गोष्ट मला तेव्हाच आवडली नव्हती. का ते सांगता आलं नसतं.

गाव छोटंच होतं. किनाऱ्यालगत नारळाची झाडं, त्यांच्यात घरगुती राहण्याच्या खोल्या, सगळ्यांच्या दारांवर मासे-भाताच्या पाट्या. जावयांनी मोबाइलवर आधीच बघून ठेवलं होतं, तिथे गेल्यावर काय काय करायचं ते. किल्ला बघायचा, डॉल्फिन बघायला जायचं, मावळतीचा फोटो काढायचा, बनाना बोटीत बसायचं. मी घरून स्टीलच्या डब्यात चपात्या आणि सुकटीची चटणी नेली होती.

"आई, समुद्रावर येऊन घरची सुकट?" जावई म्हणाले.

"असू दे, पोरीला भूक लागते मध्येच," मी मुलीकडे बघून म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी मी चपलांजवळ बसले आणि पाणी बघत राहिले. दुसरं काही करायला नव्हतं. खाडी आणि समुद्र वेगळे असतात हे मला माहीत होतं, पण किती वेगळे ते बसून बघितल्यावर कळलं. खाडी दबकत येते आणि दबकत जाते. समुद्र अंगावर येतो. माझ्या डाव्या हाताला लांबपर्यंत लाटा फुटत होत्या, पांढऱ्या, एकामागे एक, आणि सगळी माणसं त्यांच्यात ओरडत होती. उजव्या हाताला काळे खडक होते. त्या खडकांच्या अलीकडे एक पट्टा असा होता की तिथे लाट फुटतच नव्हती. दोन्हीकडे फेस आणि मध्ये सपाट, गडद पाणी, वर तेल ओतल्यासारखं. तिथे कुणी नव्हतं. काठावर एक काठी रोवलेली होती आणि तिला लाल कापड बांधलेलं. ऊन-पाण्याने त्याचा रंग उडाला होता, अर्धं फाटलंही होतं.

माझ्या शेजारी एका कुटुंबाने चपला पाण्याच्या फार जवळ काढल्या होत्या. एक मोठी लाट आली आणि दोन चपला घेऊन गेली. बाई ओरडली, पोरं हसत धावली. एक चप्पल पुढच्या लाटेने परत आणून टाकली. दुसरी कडेकडेने सरकत त्या सपाट पाण्यात शिरली, आणि मग ती वळली. परत नाही आली. समोर, सरळ आत जायला लागली, कुणीतरी दोरी बांधून ओढावी तशी. मी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. ती बाई म्हणाली, "जाऊ दे, समुद्राला हवी होती." आणि त्यांनी उरलेल्या चपलेचाही नाद सोडला.

मी आमच्या चपला उचलून आणखी मागे नेऊन ठेवल्या.

नंतर मी मुद्दाम बघत राहिले. डाव्या बाजूला शहाळ्याचं टरफल पडलं, लाटांनी लोळवून किनाऱ्याला लावलं. कुणाचा चेंडू गेला, तोही आला. उजव्या बाजूला प्लास्टिकचा एक ग्लास वाहत गेला आणि गेलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला झाला. डॉल्फिन काही दिसले नाहीत. बोटवाला म्हणाला, "आज ते सुट्टीवर आहेत." दुपारी जेवून जरा आडवं झालो आणि ऊन उतरल्यावर पुन्हा किनाऱ्यावर. जावयांना आणि मुलीला बनाना बोटीत बसायचं होतं. ती पिवळी, लांबुळकी, हवा भरलेली असते. तिच्यावर माणसं एकामागे एक बसतात आणि मोटरबोट तिला ओढत नेते. बोटवाल्याने नातीला बघून मान हलवली. "एवढ्या लहान मुलीला नाही घेत."

नात फुरंगटून बसली. मुलगी म्हणाली, "आई, बघशील ना हिच्याकडे? आम्ही आलोच." आणि ती दोघं जॅकेट घालून हसत निघून गेली.

"आजोबा, मला कुणीच नेत नाही."

"मी नेतो की." ह्यांनी सदरा काढला, घडी केली, माझ्याकडे दिला. मग किनाऱ्यावर नजर फिरवली, जशी जुना कामगार कारखान्यावर फिरवतो. "तिकडे लाटांत नको. नाकातोंडात पाणी जाईल. ते बघ, तिथे कसं निवांत आहे. आपल्या खाडीसारखं."

"अहो, तिथे नको," मी म्हणाले. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते. माझा आवाज आधीच लहान, त्यात तो कान.

नात विचारत होती, "ते लाल फडकं कशाला बांधलंय?"

"जाळ्याची खूण आहे ती. आपल्याकडेपण बांधतात. आणि कोळी जाळं लावतो ते शांत पाण्यातच लावतो. चल."

मी उठून त्यांच्या मागे जाईपर्यंत ती दोघं त्या काठीच्या पलीकडे गेली होती. नातीच्या घोट्यापर्यंत पाणी होतं, मग गुडघ्यापर्यंत. ती खूश होती. हे तिचा हात धरून तिला पाण्यावर आडवं कसं व्हायचं ते दाखवत होते. मी हाक मारली. माझी हाक वाऱ्याने मागेच टाकली असेल. इथे मावशी-काका, पोरं, भेळवाले, घोडागाड्या, सगळा गोंगाट. कुणीही माझ्याकडे बघितलं नाही.

मग मला दिसलं की हे चालत नाहीयेत. ते उभे आहेत, पण लांब जातायत. पाणी त्यांच्या कमरेला होतं, मग छातीला, आणि त्यांनी एकही पाऊल पुढे टाकलं नव्हतं. त्यांनी तळाकडे बघितलं. पायाखालची वाळू जात असणार. नातीला त्यांनी मनगटाला धरून वर उचललं, आणि काठाकडे तोंड करून जोर लावायला लागले. मी त्यांची पाठ, खांदे ओळखते. त्या खांद्यांनी आयुष्यभर बादल्या उचलल्यात. ते खांदे पूर्ण ताकद लावत होते आणि अंतर वाढत होतं.

मला कालची चप्पल दिसली. तीच वाट होती.

माझ्या हातात डबा होता. पोरीला भूक लागेल म्हणून मी तो सोबत घेऊन निघाले होते. मी झाकण काढलं आणि डब्याच्या बुडावर आपटायला लागले. चपात्या वाळूत पडल्या. ठण, ठण, ठण. मला स्वतःचीच लाज वाटली आणि तरी हात थांबला नाही. लोक वळून बघायला लागले. ह्यांनी डोकं उचललं. लांबून बोललेलं त्यांना ऐकू येत नाही, पण हा आवाज त्यांच्या हाडांत आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सरळ माझ्या दिशेने हात मारायला लागले. म्हणजे पुन्हा त्याच ओढीच्या विरुद्ध.

तेव्हा मला सुचलं की मी चुकीच्या जागी उभी आहे.

मी ठोके मारत डाव्या बाजूला पळायला लागले. लाटा फुटतात तिकडे, जिथे टरफल परत आलं होतं, चेंडू परत आला होता. साडी पायात येत होती. एक माणूस म्हणाला, "काय झालं आजींना?" दुसरा म्हणाला, "नवऱ्याला जेवायला बोलावतायत वाटतं." हशा पिकला. मी पळत राहिले, ठोकत राहिले, मान मागे वळवून. हे ठोक्याच्या मागे यायला लागले. काठाकडे नाही, आडवे. डोकं चालवायचं नाही, ठोका येईल तिकडे जायचं. नातीचं डोकं एकदा पाण्याखाली गेलं, पुन्हा वर आलं. मी पाण्यात शिरले. माझ्या पोटऱ्यांना लाटा लागत होत्या आणि मी डबा डोक्याच्या वर धरून बडवत होते.

मग एका लाटेने त्या दोघांना मागून उचललं आणि पुढे ढकललं. दुसरीने आणखी. तिसऱ्या लाटेत हे गुडघ्यांवर पडले, वाळूवर. नात खोकत होती, पाणी ओकत होती, आणि मग हसायला लागली. तिला वाटलं हाच खेळ होता.

ह्यांनी तिचं मनगट सोडलं नव्हतं. मी त्यांची बोटं एकेक करून उघडली.

बनाना बोट परत आली तेव्हा आम्ही तिघं टॉवेल गुंडाळून चपलांजवळ बसलो होतो. मुलगी ओली, हसत हसत आली. "काय बाबा, पोहलात वाटतं! आणि आई, तुझी साडी कशी भिजली?" हे म्हणाले, "जरा उतरलो पाण्यात." मी पदर पिळत राहिले. जावयांनी फोटो काढला. त्या फोटोत नात दात दाखवतेय आणि ह्यांचे ओठ निळे आहेत.

रात्रीचं जेवण खोलीच्या ओट्यावरच होतं. घरमालकीणबाई तळलेले बांगडे आणून ठेवत होत्या. नात म्हणाली, "पप्पा, आम्ही कुठे गेलेलो माहितीये? तिकडे खडकांजवळ. तिकडे लाटाच नाहीत! एकदम मस्त. आपोआप आत जातो आपण."

"अरे वा! मग उद्या सकाळी निघायच्या आधी सगळे तिकडेच जाऊ. मी ट्यूब घेतलीय तुझ्यासाठी, त्यात बसवतो तुला. बाबा, चांगली जागा शोधलीत."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते बांगड्यातले काटे काढत होते. एकही काटा राहिला नव्हता तरी काढत होते.

मुलीने नातीचा हात धरला. "हे मनगटाला काय झालं गं? लाल-लाल?"

"आजोबांनी धरलेलं."

"बाबा, तुमचा हात म्हणजे ना, पक्कड आहे," मुलगी म्हणाली आणि भात कालवायला लागली.

हात धुताना मी ह्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि म्हणाले, "तुम्ही सांगा त्यांना."

"काय सांगू? झालं का काही?"

"सांगा."

ते बराच वेळ पाणी हातांवर घेत राहिले. "गाडीत एवढं बोलून बसलो," ते म्हणाले. मग म्हणाले, "उद्या मी असेन ना सोबत." ते ऐकून मला जास्त भीती वाटली.

सकाळी आभाळ भरलेलं होतं, वारा पडला होता. पाणी उतरत होतं. लाटा नसलेली जागा कालच्यापेक्षा मोठी दिसत होती आणि सुंदर दिसत होती. मला ती तोंड उघडून बसल्यासारखी वाटली. लाल कापड काठीला चिकटलेलं, हलत नव्हतं. मुलगी नातीचे केस घट्ट बांधत होती. जावई गाल फुगवून ट्यूबमध्ये हवा भरत होते. निळी ट्यूब, तिच्यावर माशांची चित्रं. हे थोडे मागे, हात पाठीशी बांधून उभे होते.

सगळ्यांनी नेहमीसारख्या माझ्यासमोर चपला काढल्या. जावयांच्या सँडल नव्या होत्या, सहलीसाठी घेतलेल्या, हलक्या तळव्याच्या. दोन दिवस सांगत होते, ढगावर चालल्यासारखं वाटतं म्हणून.

त्यांनी नातीला ट्यूबमध्ये बसवलं आणि उचललं. मी तोंड उघडलं. आयुष्यात त्यांच्याशी कधी सरळ बोलले नव्हते, आणि तेव्हाही नाही बोलता आलं. मी त्यांची एक सँडल उचलली, त्यांच्या पुढे जाऊन घोटाभर पाण्यात उभी राहिले आणि ती त्या सपाट पाण्यात टाकली.

"आई!" मुलगी किंचाळली. "काय करतेस? वेड लागलं का?"

"आई, अहो नवी आहे ती!" जावई हसावं की रागवावं या विचारात होते. "कालपर्यंत सांभाळत होतात ना?"

"बघा," मी म्हणाले. सरळ त्यांच्याकडे बघून. पहिल्यांदाच.

सँडल एका जागी तरंगत फिरली. मग तिने तोंड वळवलं आणि निघाली. आधी हळू. नात ट्यूबमधून हात हलवून म्हणाली, "बाय बाय चप्पल!" मग वेगाने. खडकांच्या टोकापर्यंत ती पोचली तेव्हा नातीचा हात खाली आला होता. दोन्ही बाजूंना लाटा किनाऱ्याकडे येत होत्या आणि मधून ती एकटी आत चालली होती. टोकाच्या पलीकडे ती एक ठिपका झाली.

जावयांनी नातीला खाली ठेवलं आणि सँडलच्या मागे दोन पावलं टाकली. ह्यांनी पुढे होऊन त्यांचा दंड धरला.

"नका जाऊ."

"बाबा, एवढंच तर..."

"काल मी हिला यातच घेऊन गेलेलो." ह्यांचा आवाज मोठा आला, कमी ऐकणाऱ्यांचा येतो तसा. आजूबाजूच्यांनीही ऐकला असेल. "मला वाटलं खाडी आहे. पाय सुटले माझे. हिच्या आजीने डबा बडवला म्हणून आलो. नाहीतर ती चप्पल गेली ना, तिथे..."

त्यांनी दंड अजून धरलेलाच होता.

मुलीने नातीला ट्यूबमधून बाहेर काढलं, तिचं मनगट उचलून त्यावरची चार बोटं आणि अंगठा बघितला. ते वळ आता निळे झाले होते. तिने त्यांवर स्वतःची बोटं ठेवून बघितली. मग नातीला कडेवर घेतलं, आठ वर्षांच्या पोरीला, आणि गाडीकडे चालायला लागली. गाडीपर्यंत तिने तिला खाली उतरवलं नाही.

जावई घरमालकीणबाईंनी दिलेल्या जुन्या रबरी चपला घालून ठाण्यापर्यंत आले. वाटेत कुणी गाणी लावली नाहीत. कोलशेतच्या वळणावर खाडी दिसली, ओहोटीची, नुसता चिखल आणि मध्ये पाण्याची एक रेघ. ह्यांनी मान दुसरीकडे वळवली.

नातीचे वळ पुढे पिवळे पडले आणि गेले. ती अजून विचारते, आजोबा, मासोळी कधी करणार. हे म्हणतात, करू.

घरात मात्र एक बदल झाला आहे. हे आता बसताना जागा बघून बसतात, डावा कान माझ्याकडे येईल अशी. मी काही पुटपुटले तरी हातातलं टाकून विचारतात, "काय म्हणालीस?"

कधी कधी मी काहीच बोललेली नसते.